जुन्या खेळयंत्रातील बहुरूपी

चिंचवड, निगडी, आकुर्डीकडील पुष्कळ घरांत कपाटाच्या तळाशी एक पुठ्ठ्याचे खोके असते. त्यात बंद पडलेले मोबाईल, गुंता झालेल्या तारा, कोणत्या यंत्राचा हे कोणासही न आठवणारा एखादा चार्जर, आणि कित्येकदा सोनी कंपनीचे एक काळे, लांबट, दोन्ही हातांत धरावयाचे खेळयंत्र निघते. प्लेस्टेशन पोर्टेबल, थोडक्यात पीएसपी, हे त्याचे नाव. ते २००४ च्या डिसेंबरात जपानात प्रथम विक्रीस आले आणि २०१४ साली त्याचा कारभार आटोपला. ज्या मुलासाठी ते घेतले तो आता हिंजवडीस नाही तर चाकणला नोकरी करतो. दिवाळीची साफसफाई निघाली की हे भंगारात द्यावे की ठेवावे, असा प्रश्न पडतो. या यंत्रास थोडक्या खटपटीने त्याच्याहूनही जुन्या यंत्रांचे सोंग घ्यावयास लावता येते. ते कसे घडते, आणि त्या सोंगात काय साधते व काय सुटते, हे आज सांगावयाचे आहे.

मी शाळेत गणित शिकविले. यंत्रविद्या शिकलो नाही. भोसरीच्या एका कारखान्यात संगणकचलित यंत्रांची देखभाल करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्या शेजारी बसून आणि कागदावर आकडे मांडून मी हे समजून घेतले. तेव्हा श्रोत्यांनीही गणिताच्या तासास बसल्याप्रमाणे थोडा धीर धरावा.

इंग्रजीत ज्यास एम्युलेटर म्हणतात त्या आज्ञावलीस मी या भाषणापुरते बहुरूपी म्हणणार आहे. दारी येणारा बहुरूपी आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तो फौजदार होऊन येतो तेव्हा त्याच्यापाशी सरकारी हुकूम नसतो. परंतु टोपी, छडी, दरडावणी आणि प्रश्न विचारण्याची धाटणी इतकी बेमालूम असते की ओसरीवरची मुले घरात पळतात. खेळाची आज्ञावली ही अशीच ओसरीवरची मूल आहे. तिला एवढेच ठाऊक असते की अमुक खणात अमुक आकडा ठेवला म्हणजे पडद्यावर तमुक चित्र उमटते, आणि अमुक खण वाचला म्हणजे खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले ते कळते. हे खण खऱ्या यंत्रात आहेत की दुसऱ्याच कोणी त्यांची बतावणी चालविली आहे, हे तपासण्याचे साधन तिच्यापाशी बहुधा नसते. उत्तरे अपेक्षेप्रमाणे आणि वेळेवर मिळाली की तिचे समाधान होते. ‘वेळेवर’ हा शब्द ध्यानात ठेवावा. सारी अडचण त्यातच आहे.

ही युक्ती खेळण्यांसाठी निघाली नाही. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी आपली ‘सिस्टिम ३६०’ ही नवी संगणकमाला जाहीर केली, तेव्हा तिच्या गिऱ्हाइकांपाशी १४०१ या जुन्या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावलींचा मोठा साठा होता. तो टाकून द्या असे सांगितले असते तर नवे यंत्र कोणी घेतले नसते. म्हणून नव्या यंत्रास जुन्याची नक्कल करावयास लावले, आणि एम्युलेटर हा शब्द या कामी रूढ झाला. आपल्या औद्योगिक पट्ट्यातील मंडळींस तर हे नवल वाटू नये. मोटारीचे इंजिन चालविणारी इलेक्ट्रॉनिक पेटी प्रत्यक्ष इंजिनास जोडण्यापूर्वी खोट्या, म्हणजे संगणकाने रचलेल्या इंजिनास जोडून तपासतात. फ्लॉपी घेणाऱ्या जुन्या यंत्रांत फ्लॉपीच्या खाचेच्या जागी पेनड्राइव्ह घेणारी एक पेटी बसवितात. यंत्रास वाटते की फ्लॉपीच फिरते आहे. माझा विद्यार्थी म्हणाला, “सर, आम्ही दिवसा जे करतो तेच ही मुले रात्री करतात.”

आता पीएसपीकडे वळू. सोनीने हे यंत्र कुलूपबंद करून विकले. कंपनीची सही असलेल्या आज्ञावलीच त्यात चालाव्यात अशी योजना होती. परंतु हौशी मंडळींनी त्या कुलपाच्या फटी एकामागून एक शोधून काढल्या. त्यांतील २००७ सालची ‘पँडोरा बॅटरी’ची गोष्ट मला फार आवडते. दुरुस्तीकेंद्रातील कारागिरांसाठी सोनीने एक खास बॅटरी ठेवली होती. ती घातली की यंत्र नेहमीप्रमाणे सुरू न होता दुरुस्तीच्या अवस्थेत जागे होई आणि आपली मूळ आज्ञावली स्मृतिपट्टीवरून घेण्यास तयार होई. बॅटरीत एक अनुक्रमांक साठविलेला असतो, आणि त्याच्या जागी एक विशिष्ट आकडा लिहिला की साधी बॅटरीही ती ‘खास’ बॅटरी होते, एवढेच त्यातील रहस्य निघाले. किल्ली घराच्या मालकानेच चौकटीवर ठेवावी असा हा प्रकार. पुढच्या बांधणीत सोनीने ही वाट बुजविली. पण तोवर इतर वाटा निघाल्या होत्या. सोनीची अखेरची अधिकृत आवृत्ती ६.६१ ही २०१५ साली निघाली. तिच्यावर चढविण्याच्या हौशी आवृत्त्या आज उपलब्ध आहेत, आणि बॅटरीशी खेळ न करता केवळ स्मृतिपट्टीवर काही संचिका ठेवून काम भागते. असे केलेल्या यंत्रास ‘मॉड’ केलेले म्हणतात. या कामात मूळ आज्ञावली बदलावयाची असेल तर मध्येच वीज जाता उपयोगाची नाही. अर्धवट लिहिलेली आज्ञावली म्हणजे मेलेले यंत्र. बॅटरी पुरी भरलेली असावी आणि तारही जोडलेली असावी. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याची रीत सर्वांस ठाऊक आहेच. तो वार टाळलेला बरा.

यंत्र मोकळे झाले. आता त्याने कोणाचे सोंग घ्यावे? १९९० च्या दशकात आपल्याकडे ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी दूरचित्रवाणीस जोडावयाचे खेळसंच मिळत. घरोघरी त्यांस नुसते ‘टीव्ही गेम’ म्हणत. त्यांचा मूळपुरुष म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम, जो १५ जुलै १९८३ रोजी जपानात निघाला. हे यंत्र किती लहान होते ते पाहा. त्याचा प्रोसेसर सेकंदास सुमारे १७ लाख ९० हजार ठोके देई. त्याची काम करण्याची स्मृती होती २ किलोबाइट, म्हणजे शाळेच्या वहीचे एखादे पान. १९८५ सालचा प्रसिद्ध ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सारा खेळ, त्यातील चित्रे व संगीत धरून, ४० किलोबाइटांत मावतो. सकाळी नातेवाईक मंडळी फुलांची जी शुभेच्छाचित्रे मोबाईलवर पाठवितात, त्यांतील एकही बहुधा इतक्या थोड्या जागेत मावावयाचे नाही.

उलटपक्षी पीएसपीचा प्रोसेसर सेकंदास ३३ कोटी ३० लाख ठोके देऊ शकतो. भागाकार केला तर तो १८६ पट वेगवान ठरतो. आता कोणासही वाटेल की एवढा मोठा पैलवान एवढ्या लहान पोराचे सोंग हसत हसत घेईल. वस्तुतः तसे होत नाही.

याचे कारण असे. फॅमिकॉममध्ये प्रोसेसर एकटा काम करीत नव्हता. चित्र काढणारा एक स्वतंत्र भाग त्याच्याबरोबरीने चाले, आणि प्रोसेसरच्या एका ठोक्यात तो तीन ठिपके पुढे सरके. ध्वनीचे पाच सूत्रधार आणखी निराळे. पडद्याची एक चौकट म्हणजे २६२ ओळी, आणि प्रत्येक ओळीस ३४१ ठिपक्यांइतका वेळ. गुणाकार केला तर ८९ हजार ३४२ ठिपके होतात. यांतील काही ठिपके पडद्याबाहेरचे, पण वेळ त्यांसही लागतोच. अशा साठ चौकटी एका सेकंदात व्हावयास हव्यात. पीएसपीस एका चौकटीसाठी मिळतात सुमारे साडेपंचावन्न लाख ठोके. ते ८९ हजार ठिपक्यांत वाटले तर एका ठिपक्याच्या वाट्यास अवघे बासष्ट ठोके येतात. त्या बासष्टात मूळ प्रोसेसरची आज्ञा वाचावयाची, तिचा अर्थ लावावयाचा, ती पार पाडावयाची, ठिपक्याचा रंग ठरवावयाचा, आवाजाचा हिशेब ठेवावयाचा, आणि पुन्हा पुढील ठिपक्याकडे वळावयाचे. खरे यंत्र ही कामे एकाच वेळी चार हातांनी करीत होते. बहुरूप्यास ती एका हाताने, पाळीपाळीने करावी लागतात. मग एकशे शहाऐंशी पटीचे वैभव कोठे जाते ते कळत नाही.

येथे हलक्या बहुरूप्याचे कसब दिसते. तो ठिपका ठिपका न काढता सबंध ओळ एकदम काढतो. प्रोसेसरला एका ओळीपुरते पुढे जाऊ देतो, मग थांबवितो, त्या क्षणी चित्रविभागाची स्थिती काय आहे ती पाहतो आणि ओळ रंगवून मोकळा होतो. ८९ हजार वेळा करावयाची विचारपूस २६२ वेळांवर येते. बहुसंख्य खेळांस याने काहीच फरक पडत नाही. कारण त्यांचे कर्ते ओळीच्या मध्यावर काही बदलीत नसत. परंतु काही कर्ते मोठे चतुर होते. त्यांनी ओळ अर्धी उमटली असताना रंग अथवा सरक बदलण्याच्या क्लृप्त्या योजिल्या होत्या. हलक्या बहुरूप्यापुढे असा खेळ आला की पडद्यावर एखादी रेघ थरथरते, एखादी पाटी जागा सोडते. फौजदाराच्या टोपीखालून बहुरूप्याची स्वतःची शेंडी दिसावी, तसे हे आहे.

तर मग अचूक नक्कल करावयास किती बळ हवे? सुपर निन्टेन्डो या १९९० सालच्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या ‘बीस्नेस’ या आज्ञावलीच्या कर्त्याने २०११ साली सविस्तर लिहिले होते की त्यासाठी सेकंदास ३०० कोटी ठोके देणारा टेबलावरचा संगणक लागतो. ज्याचा मूळ प्रोसेसर सेकंदास फार तर ३५ लाख ८० हजार ठोके देत होता, त्या यंत्रासाठी! हा सद्गृहस्थ ‘निअर’ या टोपणनावाने ओळखला जाई. २०२१ साली तो निवर्तला. त्याच्या आग्रहाची पुष्कळांनी थट्टा केली, पण मला तो आग्रह योग्य वाटतो. खेळावयाचे असेल तर हलका बहुरूपी उत्तम. परंतु ते जुने यंत्र खरोखर कसे वागत होते हे पुढील पिढ्यांस सांगावयाचे असेल तर हलक्याने भागावयाचे नाही. जो खेळ त्यात थरथरतो तो मुळातच तसा होता, असा समज खरे यंत्र नाहीसे झाल्यावर कायमचा होऊन बसेल. दोन्ही कामे निराळी आहेत, आणि घरातील पीएसपीकडून आपण पहिल्याचीच अपेक्षा करावी.

दुसरी युक्ती अधिक मौजेची आहे. ती समजण्यासाठी चाकणच्या एखाद्या मोटारीच्या कारखान्याची कल्पना करावी. समजा, कामाच्या सूचना जर्मन भाषेत आल्या आहेत आणि यंत्रावरचा कामगार मराठी आहे. एक मार्ग असा की दुभाषी शेजारी उभा करावा. तो एक सूचना वाचील, मराठीत सांगेल, कामगार ती करील, मग पुढली सूचना. तीच सूचना दिवसातून हजार वेळा आली तर दुभाषी हजार वेळा तेच भाषांतर करील. दुसरा मार्ग असा की पहिल्याच दिवशी सूचनांचे मराठी पत्रक करून ते यंत्राशेजारी टांगावे. मग दुभाष्याची गरज नवी सूचना आली तरच. साधे बहुरूपी पहिल्या मार्गाने चालतात. दुसऱ्या मार्गास इंग्रजीत ‘डायनॅमिक रिकंपायलेशन’ असे जडजंबाल नाव आहे. आपण त्यास पत्रकाचा मार्ग म्हणू. त्यात धोका एकच: कारखान्याने मूळ जर्मन सूचना मध्येच बदलली आणि भिंतीवरचे पत्रक जुनेच राहिले तर काम बिघडते. म्हणून पत्रक केव्हा फाडावयाचे याचे अवधान बहुरूप्यास ठेवावे लागते.

‘एक्झोफेज’ या टोपणनावाच्या कर्त्याने २००६ च्या सुमारास पीएसपीसाठी ‘जीपीएसपी’ नावाचा बहुरूपी लिहिला, तो याच पत्रकाच्या मार्गाने. तो निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या हातातल्या यंत्राचे सोंग घेतो. त्या यंत्राचा प्रोसेसर सेकंदास सुमारे १ कोटी ६८ लाख ठोके देतो, म्हणजे सुपर निन्टेन्डोच्या जवळजवळ पाच पट. असे असूनही पीएसपीवर हे वेगवान यंत्र सुरळीत चालते आणि मंद सुपर निन्टेन्डो धापा टाकतो! मी हे प्रथम ऐकले तेव्हा विद्यार्थ्यास आकडे पुन्हा तपासावयास सांगितले. आकडे बरोबर होते. ‘ॲडव्हान्स’मध्ये बहुतेक काम एकाच प्रोसेसरच्या अंगावर आहे, आणि त्याची भाषा नियमबद्ध आहे, तिचे पत्रक सुरेख होते. सुपर निन्टेन्डोत ध्वनीसाठी वेगळा प्रोसेसर, चित्रासाठी वेगळे भाग, आणि मुख्य प्रोसेसरची भाषाही अशी की तोच शब्द प्रसंगानुसार कधी लहान तर कधी मोठा समजावयाचा. अशा यंत्राची नक्कल करणे म्हणजे एकट्याने सबंध भजनी मंडळ वठविणे होय. पीएसपीवरील ‘स्नेसनाइनएक्स टीवायएल’ या बहुरूप्याच्या कर्त्यांनी यावर तोड काढली. पीएसपीत मूळच्या योजनेप्रमाणे गाणी व चित्रपट उलगडण्यासाठी एक दुसरा प्रोसेसर ठेवलेला आहे. त्याच्याकडे त्यांनी ध्वनीचे काम सोपविले, आणि चित्र रंगविण्याचे काम पीएसपीच्या चित्रविभागाकडून करून घेतले. इतके करूनही काही खेळांत मधल्या चौकटी गाळाव्या लागतात.

भाषेचे नाते असले म्हणजे सारे किती सोपे होते, याचेही उदाहरण याच यंत्रात आहे. सोनीचे पहिले प्लेस्टेशन १९९४ चे. त्याच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदास ३ कोटी ३८ लाखांहून अधिक, म्हणजे वर सांगितलेल्या सर्व यंत्रांहून पुष्कळ जास्त. तरीही पीएसपी त्याची नक्कल उत्कृष्ट करते, आणि तो बहुरूपी खुद्द सोनीनेच यंत्रात ठेवला आहे. कारण दोन्ही प्रोसेसर ‘मिप्स’ या एकाच घराण्यातले. मोडीतला कागद देवनागरीत उतरून काढावा इतकेच काम. भाषा मराठीच असते. जर्मनमधून मराठीत आणावयाचा प्रश्नच नाही.

आता आवाजाविषयी दोन शब्द. चौकट गाळली तर डोळा क्षमा करतो. कान करीत नाही. साठांपैकी वीस चित्रे वगळली तरी खेळणारे मूल खेळतच राहते, परंतु आवाजात निमिषभर खंड पडला की ‘खर्र’ असा आवाज येतो आणि साऱ्या घरास कळते. म्हणून चांगला हलका बहुरूपी वेळेचा ताळेबंद आवाजावर बेततो आणि चित्रास त्याच्या मागे धावावयास लावतो. यंत्रावर पहिल्याने बहुरूपी चढविला की ‘फ्रेमस्किप’ नावाची कळ सापडेल; ती प्रथम शून्यावर ठेवावी, आवाज तुटू लागला तर एकावर न्यावी. तिनापलीकडे न्यावी लागली तर तो खेळ या यंत्रासाठी नाही असे समजून सोडून द्यावा. पीएसपीचे ठोकेही कमीजास्त करता येतात. फॅमिकॉमच्या खेळास २२ कोटी २० लाख ठोक्यांचा वेग सहसा पुरतो, आणि बॅटरी अधिक वेळ टिकते. पूर्ण वेग ‘ॲडव्हान्स’ आणि सुपर निन्टेन्डोसाठी राखावा. चित्र ताणून सबंध पडदा भरण्याचा मोह होतो, तोही आवरावा. फॅमिकॉमचे चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे आणि पीएसपीचा पडदा ४८० गुणिले २७२ ठिपक्यांचा आहे. मूळ आकारात ठेवले तर चित्र मध्यभागी बरोबर मावते आणि मारिओ स्थूल दिसत नाही.

आणखी एक चमत्कारिक अनुभव अनेकांस येतो. ज्यांनी लहानपणी चिंचवडच्या घरी ‘लिटल मास्टर’ खेळला, त्यांस तोच खेळ बहुरूप्यात पाहताना तो घाईने पळतो आहे असे वाटते. हा वयाचा दोष नव्हे. आपल्या देशातील दूरचित्रवाणी ‘पाल’ पद्धतीची, सेकंदास ५० चौकटींची. जपान-अमेरिकेतील सेकंदास सुमारे ६० चौकटींची. खेळ तिकडच्या मापाने रचलेले, आणि त्यांचा ताल चौकटींवर मोजलेला. ‘पाल’ पद्धतीच्या नकली संचांत प्रोसेसरचे ठोके जवळजवळ तितकेच राखीत, पण चौकटी पन्नासच होत. परिणाम असा की सूर तोच राही, लय मात्र विलंबित होई. जे गीत मुळात एक मिनिटात संपावयाचे ते आपल्याकडे बहात्तर सेकंद चाले. काही बहुरूप्यांत ही पन्नास चौकटींची चालही निवडता येते. माझ्या विद्यार्थ्याने ती लावून दाखविली तेव्हा त्याचा थोरला भाऊ, जो तोपर्यंत वर्तमानपत्र वाचीत बसला होता, तो मान वर न करता म्हणाला, “हा आपला.” मूळ कर्त्याच्या दृष्टीने ती चाल चुकीचीच, तथापि या भागातल्या एका पिढीचा खरा खेळ तोच होता, आणि कोणत्याही परदेशी ग्रंथालयाने तो जपून ठेवावा अशी अपेक्षा आपण करू शकत नाही.

आपले म्हणावेत असे खेळ केवळ या परक्या खेळांच्या रूपातच होते असे नाही. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने २००९ साली ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ प्लेस्टेशन २ साठी काढला. कबड्डीसारख्या देशी खेळांचा ‘देसी अड्डा’ प्लेस्टेशन २ आणि पीएसपी या दोन्हींवर आला. यांच्या तबकड्या एकदा खरवडल्या, वाचणारी यंत्रे एकदा झिजली, की हे खेळ पुन्हा पाहावयाचे ते बहुरूप्यातच. पीएसपीचे सोंग घेणारा ‘पीपीएसएसपीपी’ हा बहुरूपी २०१२ साली निघाला आणि आज तो साध्या मोबाईलवर चालतो. म्हणजे फॅमिकॉमचे सोंग घेणाऱ्या यंत्राचेच सोंग घेणारा हा दुसरा बहुरूपी.

या सर्वांत कायदा काय म्हणतो, हे पालकांनी विचारावयास हवे आणि बहुधा विचारले जात नाही. बहुरूपी लिहिणे व वापरणे हे स्वतः गैर नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या दाव्यात २००० साली तेथील अपील न्यायालयाने प्लेस्टेशनचा बहुरूपी लिहिण्यासाठी केलेली तपासणी रास्त ठरविली. प्रश्न येतो तो खेळाच्या प्रतीचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, ज्याच्यापाशी आज्ञावलीची रीतसर प्रत आहे त्यास ती हरवू अथवा बिघडू नये म्हणून तात्पुरत्या संरक्षणापुरती जादा प्रत करण्याची मुभा आहे. २०१२ साली घातलेल्या कलम ६५अ प्रमाणे कुलूप तोडणे हे हक्कभंगाच्या हेतूने केले तर गुन्हा होतो. म्हणून आपली स्वतःची तबकडी आपल्याच स्मृतिपट्टीवर उतरून घेणे एक, आणि कोठून तरी पाच हजार खेळांचा गठ्ठा उतरविणे दुसरे. येथे एक गमतीची अडचण आहे. ‘लिटल मास्टर’च्या पेटीवर ‘९९९९ खेळ’ लिहिलेली जी कॅसेट आपण पैसे मोजून घेतली, ती बहुधा स्वतःच चोरीची प्रत होती. चोरीच्या भांड्यास कल्हई केल्याने ते आपले होत नाही. मोठ्या कंपन्या याबाबत नरमाईने वागतात असेही समजू नये. ‘युझू’ या नव्या यंत्राच्या बहुरूप्याच्या कर्त्यांनी २०२४ साली निन्टेन्डोस २४ लाख डॉलर देण्याचे कबूल करून काम बंद केले. माझे मत विचाराल तर मुलांच्या हाती प्रथम नव्या हौशी कर्त्यांचे खेळ द्यावेत. ‘मायक्रो मेजेस’ हा खेळ २०१९ साली त्याच जुन्या ४० किलोबाइटांच्या मर्यादेत रचलेला आहे आणि कर्त्याकडून थोडक्या पैशात रीतसर मिळतो. एवढ्या जागेत एवढे कसे बसविले याचा विचार मुलाने केला, तर त्या संध्याकाळी गणिताची शिकवणी नसली तरी चालेल.

खोक्यातून पीएसपी काढल्यावर पहिल्याने काय करावे, तर बहुरूपी शोधू नये. पाठीमागचे झाकण उघडून बॅटरी पाहावी. बारा-पंधरा वर्षे पडून राहिलेली लिथियमची बॅटरी पुष्कळदा फुगलेली असते, आणि झाकण नीट बसत नाही हे तिचे पहिले लक्षण. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, तीस चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. विद्युत कचरा घेणाऱ्याकडे ती निराळी द्यावी. नवी बॅटरी घेताना वरच्या आकड्यांवर भाळू नये. मूळची १८०० मिलिॲम्पिअर-तासांची असताना तेवढ्याच आकाराची ३६०० ची म्हणून विकली जाते, ती तशी असण्याचा संभव कमी. नवी मिळेपर्यंत अडून राहावयाचेही कारण नाही. बॅटरी काढून ठेवून नुसत्या तारेवर पीएसपी चालते आणि बहुरूपीही चालतो; फक्त मूळ आज्ञावली बदलण्याचे काम त्या स्थितीत करता येत नाही, आणि कोणाचा पाय तारेत अडकला की चाललेला डाव तेथेच जातो. तेव्हा दर पाच-दहा मिनिटांनी डाव साठवून ठेवण्याची कळ दाबीत जावी.